फ्लेक्सची मोळी

आमच्या भागात साखर कारखान्याचा हंगाम सुरू होताना कुणीतरी मोठा माणूस उसाची पहिली मोळी गव्हाणीत टाकतो. हार-नारळ होतात, फोटो निघतात, आणि मग कारखाना उसाला तोंड लावतो. त्यात वाईट काही नाही. ऊस हा कारखान्याचा घासच आहे. पण आमच्या माणसांनी ही रीत उचलून जिथं ऊस नाही तिथंही नेली, आणि माझ्या हातून झालेलं एकमेव उपयोगाचं काम एका दुपारी मातीत घातलं. अजूनही तो विषय निघाला की माझा आवाज चढतो. चढू दे.

मी अंबाजोगाईत कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. माहेर तेलगावजवळच्या एका गावात. तिथं दादा शेती बघतो, आणि खरं सांगायचं तर दादापेक्षा वहिनी जास्त बघते. टरबूज आणि मिरची लावायच्या आधी मातीच्या गादीवाफ्यांवर काळा प्लास्टिकचा मल्चिंग पेपर अंथरतात. त्यानं तण उगवत नाही, पाणी उडून जात नाही, पीक झोकात येतं. मात्र पीक निघालं की तो पेपर फाटका, चिखलानं बरबटलेला, वावरभर उरतो. भंगारवाला त्याच्याकडं ढुंकून बघत नाही. गोळा करून बांधावर रचायचा आणि काडी लावायची, एवढंच सगळ्यांना माहीत. उन्हाळ्यात वावरं मोकळी करायच्या दिवसांत गावाभोवती काळ्या धुराचे लोट उठतात आणि सगळे ते ऊन बघावं तसे बघतात.

वहिनीला दमा आहे. लग्न होऊन आली तेव्हा नव्हता. ती डोक्यावर दोन घागरी घेऊन माझ्याशी बोलत बोलत चढ चढायची आणि मीच मागं राहायचे. आता पेपर जाळायचे दिवस आले की रात्री पाठीला उशी लावून बसल्या बसल्या झोपते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की धुरापासून लांब राहा. शेतात राहणाऱ्या बाईनं धुरापासून लांब म्हणजे कुठं जायचं, हे काही त्यांनी सांगितलं नाही. मी चिडले तर वहिनी उलट मलाच हसायची. "ताई, तुमी एवढं शिकलात, या पेपराचं काय तरी करा की. निस्तं चिडून काय व्हतंय?"

मी केलं. म्हणजे जगात आधी कुणी केलं नव्हतं असं काही नाही. प्लास्टिक बंद भांड्यात, हवा न लागू देता तापवलं की त्याची वाफ होते आणि ती वाफ थंड केली की तेल मिळतं. नुसतं तापवलं तर पुष्कळदा तेलाऐवजी मेणासारखा लोंदा येतो आणि आचही भरमसाट लागते. त्यासाठी उत्प्रेरक हवा. वर्गात मी मुलांना सांगते, प्लास्टिकचा रेणू म्हणजे मोठं एकत्र कुटुंब, लांबच लांब साखळी. नुसत्या उष्णतेनं वाटण्या केल्या तर डोकी फुटतात, कुणाच्या वाट्याला काय येईल याचा नेम नाही. उत्प्रेरक म्हणजे भावकीतला तो शहाणा माणूस, जो बिनबोभाट वाटण्या करून देतो, स्वतः काही घेत नाही, चहा पिऊन पुढच्या घरी जातो. मुलं हसतात, कारण असा एकही माणूस त्यांनी पाहिलेला नसतो.

तो उत्प्रेरक मी परळीच्या राखेतून केला. औष्णिक वीज केंद्राची ती राख आमच्याकडं कशावरही बसते, कपड्यांवर, पानांवर, दुधाच्या सायीवर. तिच्यात मला हवं ते होतं. राख धुवायची, कॉस्टिक सोड्याबरोबर तापवायची, पुन्हा पुन्हा धुवायची, वाळवायची, भट्टीत भाजायची आणि मग तिच्या हरभऱ्याएवढ्या गोळ्या वळायच्या. कितीदा तरी बिघडली. सुट्ट्या तिच्यात गेल्या, सणवार गेले. घरात मला राखवाली म्हणायला लागले. पण एक घाणा शेवटी असा जमला की त्याच्यावरून गेलेली वाफ पातळ, पिवळसर तेल होऊन बाटलीत उतरली, आणि मी प्रयोगशाळेत एकटीच टाळ्या वाजवल्या.

दादाच्या गावच्या सहकारी संस्थेनं रस्त्याकडेला पत्र्याचं शेड दिलं. पाटोद्याच्या एका फॅब्रिकेटरनं टाकी, नळ्या, थंड पाण्याची टाकी असं सगळं जोडून दिलं. मी भिंतीवर लाल रंगात स्वतःच्या हातानं मोठ्या अक्षरांत लिहिलं: फक्त धुतलेला मल्चिंग पेपर. फ्लेक्स, पाइप, वायर, चप्पल आत टाकू नये.

हे कशासाठी, ते मी संस्थेच्या बैठकीत उभं राहून सांगितलं होतं. फ्लेक्सचं प्लास्टिक वेगळं असतं. त्याच्यात क्लोरीन असतो, तापलं की त्याचं आम्ल होतं. ते माझ्या गोळ्या खातं, लोखंड खातं आणि माणसाची छातीही खातं. शिवाय त्याच्या आत जाळीचं कापड असतं, त्याची पांढरी भुकटी होऊन नळ्या तुंबतात. सगळ्यांनी माना हलवल्या. वहिनी बायकांत शेवटी बसली होती. तिनं विचारलं, "म्हंजी त्याचा धूर आपल्या पेपरापेक्षा वाईट?" मी म्हटलं, "कितीतरी वाईट. ते उघड्यावरसुद्धा कधी जाळायचं नाही." बैठकीत विचारला गेलेला तो एकच प्रश्न. बाकी चर्चा चहा कुणी सांगितला यावर झाली.

पेपर धुवायचं काम वहिनीनं अंगावर घेतलं. शेजारच्या चार बायका जमवल्या. हौदात पेपर खळबळायचा, आपटायचा, बाभळीच्या कुंपणावर वाळत घालायचा. रस्त्यानं जाणारे विचारायचे, "काळ्या साड्यांचं दुकान काढलं का वैनी?" ती म्हणायची, "तुमच्या मंडळीला पाठवा, मापं घेते."

चाचणीच्या दिवशी दादानं आपलं पाणी उपसायचं जुनं डिझेल इंजिन आणलं. आमचं तेल थोड्या डिझेलमध्ये मिसळून घातलं. इंजिन खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं आणि मग धडधडत सुटलं. पाइपातून पाणी पाटात पडलं. वहिनी बांधावर उभी होती. तिनं पाण्यात हात घातला आणि म्हणाली, "धुण्यात घातलं तेवढं पाणी परत दिलं बया यानं." त्या उन्हाळ्यात आमच्या वावरात पेपर जळला नाही. शेजारच्या दोघांनीही आपापला पेपर वहिनीच्या हौदावर आणून टाकला. वहिनी आडवी होऊन झोपली. मला कुठल्याही सत्काराची शाल एवढी ऊब देऊ शकली नसती.

इथवर सगळं सरळ होतं. मग संस्थेच्या चेअरमनना उद्घाटनाची आठवण झाली.

चेअरमन एके काळी साखर कारखान्यावर संचालक होते. मला म्हणाले, "मॅडम, मोळी टाकल्याबिगर कसं चालू करता? सायबाचा वाढदिवस येतोय. त्याच दिशी टाकू." साहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. मी म्हटलं, "चालू तर आहेच की." ते म्हणाले, "ते खासगीत झालं." जणू मी चोरून काहीतरी केलं होतं. मी मान्य केलं. साहेबांनी वहिनीच्या धुतल्या पेपराचा एक गठ्ठा आत टाकला तर माझं काही बिघडत नव्हतं.

वाढदिवसाच्या दिवशी मी अंबाजोगाईहून पोचले तेव्हा शेड ओळखू येत नव्हतं. मंडप, खुर्च्या, स्पीकर. दर्शनी भिंतीवर साहेबांचा भिंतीएवढाच फ्लेक्स, हात जोडलेला. माझी लाल अक्षरं बरोबर त्याच्या मागं गेली होती. आणि चौरंगावर, हळदीकुंकू लावून, आंब्याची पानं खोचून, मोळी तयार होती. उसासारखीच लांबट, सुतळीनं तीन ठिकाणी आवळलेली. फ्लेक्सची.

मला आधी वाटलं, ती दाखवायची असेल. चेअरमननी अभिमानानं सांगितलं की तालुक्यातले सगळे जुने फ्लेक्स उतरवून आणलेत, गाव स्वच्छ आणि इंधन तयार, अशी दुहेरी कल्पना आहे. मी म्हटलं, "अहो, हे आत जाता कामा नये. मी बैठकीत घसा फोडून सांगितलं होतं."

"प्लास्टिकच हाय न्हवं?"

"प्लास्टिक आहे, पण हे चालत नाही. वहिनीचे गठ्ठे तिथं रचलेत, त्यातला एक घ्या."

चेअरमननी गठ्ठ्यांकडं पाहिलं आणि आवाज खाली घेतला, एखाद्या अडाणी माणसाला समजून सांगावं तसा. "मॅडम, काळा हाय त्यो. शुभकार्याला सायबाच्या हातात काळं द्यायचं? वाढदिवसाच्या दिशी?"

तेवढ्यात माझं लक्ष मंडपामागं गेलं. तिथं दोन माणसं बसून कात्रीनं उरलेल्या फ्लेक्समधले साहेबांचे चेहरे कापून काढत होती. गोल गोल, काळजीपूर्वक, कानाला धक्का न लावता. साहेबांचा फोटो आगीत जायला नको म्हणून. लहानसहान पुढाऱ्यांचे चेहरे तसेच ठेवले होते, ते जळाले तर चालणार होते. एवढी बारकाई! एवढी कळकळ! कुठल्या चेहऱ्याला आग लागावी आणि कुठल्या नाही याचा विचार करायला माणसं होती, वेळ होता, कात्री होती. माझ्या भिंतीवरच्या दोन ओळी वाचायला कुणी नव्हतं.

मी साहेबांशीच बोलायचं ठरवलं. ते आले, गर्दीतून मला नमस्कार केला, "ताई, लई चांगलं काम" म्हणाले आणि मी तोंड उघडायच्या आत स्पीकरवर त्यांचं नाव पुकारलं गेलं. ओवाळायला सवाष्ण हवी होती. वहिनीच्या हातात ताट दिलं. ती टाकीच्या अगदी शेजारी उभी. साहेबांनी मोळी उचलली, फोटोसाठी धरून ठेवली, मग आत टाकली. टाळ्या. मी चेअरमनच्या बाहीला धरून म्हटलं, "फोटो झाला ना? आता काढा ती बाहेर. अजून आच लावलेली नाही." त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी देव्हाऱ्यातला देव उचलून मागितला. "टाकलेली मोळी परत काढायची? कावून असं अभद्र बोलता?"

मग प्रत्येक कार्यकर्त्याला आपलीही मोळी पडावी असं वाटलं. टाकी गच्च भरली. मी आडवी गेले तर कुणीतरी मागून म्हणालं, "बाई लई तापट हाय बे." हो, आहे. तापट नसते तर त्या दिवशी हसत हसत पेढा खाल्ला असता. झाकण लागलं, भट्टीवरच्या ऑपरेटरनं चेअरमनकडं पाहिलं, चेअरमननी मान हलवली, भट्टी पेटली. साहेब पुढच्या कार्यक्रमाला गेले.

मी वहिनीला ओढून बाहेर नेत होते. तिला ताट खाली ठेवायचा धीर होईना, निरांजन अजून जळत होतं. सुरुवातीला काही झालं नाही, आणि चार जण माझ्याकडं बघून हसलेही. मग नळ्या तुंबल्या. मी सांगितली होती तीच पांढरी भुकटी. दाब वाढला आणि सुरक्षेची झडप उघडली, जशी उघडायला हवी तशीच. त्यातून जे बाहेर आलं त्याचा वास ज्यानं घेतलाय त्याला सांगायला नको. डोळ्यांत चटका, घशात सुरी. सगळे खुर्च्या पाडत पळाले. वहिनीला पळता आलं नाही. ती वाकून बसली, पदर तोंडाला, आणि श्वास आत जाईना म्हणून तिची मान मागं मागं जात होती. दादानं तिला उचललं. अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यापर्यंत जीपमध्ये मी तिचा हात धरून बसले होते. तिच्या कपाळावर ओवाळताना लागलेलं कुंकू होतं आणि ओठ निळे पडत चालले होते.

ती वाचली. हे आधी सांगते, कारण पुढचं सांगताना मला भान राहत नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात साहेबांचा मोळी टाकतानाचा फोटो आला. खाली प्रदूषणमुक्त तालुक्याची बातमी. वहिनीच्या नाकाला नळी लावलेली होती आणि शेजारच्या खाटेवरचा माणूस तो पेपर वाचत होता. मी त्याच्या हातून ओढून घेतला. बिचाऱ्याला काहीच कळलं नाही.

टाकी थंड झाल्यावर उघडली. माझ्या गोळ्यांवर खडूसारखा पांढरा थर. हातात घेतली की भुगा. नळ्यांना आतून गंज, जणू वर्षानुवर्षं पावसात पडल्यात. त्या राखेची पुन्हा राख झाली होती. चेअरमन माझ्या मागं उभे होते. म्हणाले, "मशीनच नाजूक हाय म्हणायची."

मी पुन्हा बसले. कशी बसले ते मलाच माहीत. राख, कॉस्टिक, धुणं, भाजणं, वळणं. फॅब्रिकेटरनं नव्या नळ्या बसवल्या. माझा नवा उत्प्रेरक एका निळ्या पिंपात भरून, झाकण घट्ट लावून शेडमध्ये नेऊन ठेवला. वहिनी घरी आली होती. पहिल्यासारखी नव्हती, पण हौदावर जायला लागली होती. धुतलेले गठ्ठे पुन्हा शेडबाहेर रचले गेले. आता फक्त भट्टी पेटवायची. शेडची किल्ली चेअरमनकडं होती. मी मागायला गेले.

त्यांनी चहा सांगितला. मग म्हणाले, "आसं कसं मॅडम? बंद पडलेली मशीन मोळीबिगर चालू करायची? आन् ती बी दुसऱ्याच्या हातानं? लोक म्हंतील, सायबाच्या हाताला यश न्हाई, म्हनून दुसरा हात लावला."

"मग साहेबांना बोलवा."

"इच्चारलं की. सायबांचं म्हननं बी बरोबर हाय. त्येंनी उद्घाटन केलंय, पेपरात आलंय. चालू मशीनचं उद्घाटन दोनदा कसं करायचं?"

मी कप खाली ठेवला. म्हणजे मशीन बंद आहे म्हणून मोळीशिवाय चालू करता येत नाही. आणि मशीन चालू आहे म्हणून मोळी टाकता येत नाही. मी हे त्यांना असंच, याच शब्दांत म्हणून दाखवलं. मला वाटलं, ते ओशाळतील. ते म्हणाले, "हां, आता कसं समजलं तुमाला." मी तिथं काय काय बोलले ते लिहीत नाही. त्यांच्या घरातल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या एवढं सांगते. तरी किल्ली मिळाली नाही. मी वरच्या कचेऱ्यांत गेले, तिथं कळलं की प्रकल्प यशस्वीपणे सुरू आहे. मी म्हटलं, चला, दाखवते बंद कुलूप. अधिकारी हसले आणि खुर्ची पुढं केली. दर खेपेला खुर्ची. उभं ठेवलं असतं तर बरं, निदान भांडणासारखं वाटलं असतं.

पुढच्या वर्षीचा मे महिना सरत आला. मी माहेरी गेले तर लांबूनच बांधावर धूर दिसला. काळा, जाड, आमच्याच वावरातून. मी चप्पल हातात घेऊन धावले. वहिनी उभी होती, पदर नाकाला गुंडाळलेला, हातात काठी. तिनंच धुतलेले, तिनंच वाळवलेले गठ्ठे ती एकेक करून आगीत ढकलत होती. शेडबाहेर अडचण होते म्हणून संस्थेनं ते उचलायला लावले होते. दादा ट्रॉली घेऊन दुसरी खेप आणायला गेला होता.

मी तिच्या हातातली काठी हिसकावली. "वहिनी, वेड लागलंय का? मरायचंय का तुला?"

ती खोकल्याची उबळ जाईपर्यंत कमरेत वाकून उभी राहिली. मग म्हणाली, "मग काय करू ताई? खाऊ का त्ये? पाऊस पडायच्या आत वावर मोकळं पायजे. तुमची मशीन सायबाची वाट बघंल. वावर न्हाई बघत."

संताप कुणावर काढावा असं तिथं कुणीच नव्हतं. मी तिला वाऱ्याच्या वरच्या बाजूला नेऊन बसवलं, दम्याचा पंप तोंडाशी धरला. ती डोळे मिटून ओढत राहिली. तेव्हा मला बांधाच्या पलीकडं, आगीपासून चांगलं लांब, नीट घडी घालून दगड ठेवलेलं काहीतरी दिसलं. उद्घाटनाचा तो भिंतीएवढा फ्लेक्स. गठ्ठे भिजू नयेत म्हणून दादानं तो शेडबाहेर त्यांच्यावर झाकला होता, ट्रॉलीतून तोही आला होता. घडीच्या वर साहेबांचे जोडलेले हात तेवढे दिसत होते.

"हा का नाही टाकला?" मी विचारलं. खरं तर ओरडलेच. मला वाटलं, हिलाही त्या चेहऱ्याची भीड पडली.

वहिनीनं पंप बाजूला केला. दोन श्वास घेतले.

"तुमीच म्हणला व्हता ना बैठकीत," ती म्हणाली, "की ह्याचा धूर लई वाईट. उघड्यावर कधी जाळायचा न्हाई."